पहिली शुट्झेन रायफल घेताना

शुट्झेन म्हणजे जर्मन धाटणीच्या नेमबाजी स्पर्धांची जुनी रायफल. पहिल्याच खरेदीत विंचेस्टर कंपनीची १८८५ नमुन्याची रायफल घ्यायची असे आपण म्हणता, ते उत्तमच. परंतु जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरची ही एकबारी रायफल १९२० पर्यंत बनत होती, आणि अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वीचेच शस्त्र पुरातन ठरत असल्याने, क्रमांकावरून बनावटीचे वर्ष तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मार्लिन कंपनीच्या बॅलार्ड रायफलीबाबत हा घोळ नाही, कारण ती १८९८ पूर्वीच बनायची थांबली.

दस्त्याचे अक्रोडी लाकूड नंतर न्याहाळा, आधी नळी पाहा. काळ्या दारूची काजळी दमट हवेत पोलाद खाते. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मागून प्रकाश सोडून, आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, टोकापर्यंत धारदार आहेत का ते पाहावे आणि मग मऊ शिशाची तेल लावलेली गोळी दांड्याने हळूहळू ढकलावी. ती मध्येच सैल सरकली, तर तेथे नळी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. नळ्या बनवणारे नामांकित कारागीर हॅरी पोप यांच्या, तोंडाकडून भरायच्या नळीसोबत, गोळी नीट आत घालण्यासाठी तिच्यातूनच कापलेला तोंडाचा सुटा तुकडा नसेल, तर किंमत बरीच खाली मागावी, कारण दुसऱ्या नळीचा तुकडा तिला जुळत नाही.

नव्याने निळा मुलामा चढवलेली नळी मी घेत नाही. एकदा चकाकीला भुललो आणि घरी आल्यावर दिसले की कोरीव अक्षरे घासून पार बोथट झाली होती.