बॉयलरमधलं पाणी जुनंच बरं

प्रश्न : घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या प्रेशरचा काटा दर दोन-तीन दिवसांनी ०.७ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) उतरतो. पाणी भरून १.३ वर आणलं की चालतं. असंच भरत राहिलं तर काही बिघडेल का?

उत्तर : बिघडेल, आणि भरण्यामुळेच बिघडेल. बंद यंत्रणेत एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच फिरायला हवं. त्यातला ऑक्सिजन लोखंडाला थोडाफार गंज चढवून संपतो आणि मग गंज जवळपास थांबतो. नळाचं ताजं पाणी आत घेतलं की ऑक्सिजनही नव्याने येतो, सोबत क्षार येतात. म्हणून आधी पाणी जातं कुठे ते शोधा.

यंत्रणा गार असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा, तापल्यावर २ च्या आसपास. बॉयलर सुरू करून अर्धा तास काट्यावर नजर ठेवा. तो चढत ३ कडे निघाला, तर संशय एक्स्पान्शन टाकीवर घ्यायचा. १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे ३ टक्के फुगतं, म्हणजे १०० लिटरमागे ३ लिटर. या वाढीला जागा देण्यासाठी टाकीत रबरी पडद्याच्या पलीकडे हवा भरलेली असते. ती हवा गेली की पाण्याला जागा उरत नाही, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या नळीतून निघून जातं. रात्री यंत्रणा गार झाली की सकाळी काटा खाली. त्या नळीच्या तोंडाखाली डबा ठेवा, चार तासांत खरं-खोटं कळेल.

हवा भरायची तर बॉयलर बंद करून गार होऊ द्यायचा, पाण्याचं प्रेशर शून्यावर आणायचं, पाणी सोडायचा कॉक उघडाच ठेवायचा आणि सायकलच्या पंपाने टाकीच्या लेबलवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत, बहुधा ०.७५ ते १ बार, हवा भरायची. पाणी न सोडता हवा भरणं ही नेहमीची चूक. तेव्हा गेज पाण्याचंच प्रेशर दाखवतं. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी बदला. टाकी बॉयलरच्या सीलबंद आवरणाआड असेल तर हे काम गॅसच्या अधिकृत मेकॅनिकचं.

काटा चढत नाही, नुसता उतरतो, तर गळती. रेडिएटरच्या, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या पॅनेलच्या, प्रत्येक व्हॉल्व्हभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून रात्रभर ठेवा. थेंब डोळ्यांना दिसत नाही, पण कागद ओला होतो. हिरवट-पांढरा थर साचलेला सांधा सगळ्यात आधी तपासा.

प्रश्न : एक रेडिएटर वरून गार, दुसरा खालून. दोन्हींची हवा काढायची का?

उत्तर : फक्त पहिल्याची. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, खाली फडकं धरा आणि हवा काढायची चावी पाव ते अर्धा फेरा फिरवा. फुसफुस थांबून पाण्याची सलग धार आली की बंद करा. नंतर काटा बघा, तो उतरलेला असतोच.

खालून गार म्हणजे तळाशी काळा गाळ. तो गंजच, त्यामुळे हवा काढून काही होणार नाही. आतून धुवून घ्यावं लागेल. धुतल्यावर गंजरोधक टाकायला विसरू नका, बऱ्याच उत्पादनांत साधारण १०० लिटरला १ लिटर. पहिल्या रेडिएटरमधली ‘हवा’ दर पंधरा दिवसांनी काढावी लागत असेल, तर तो गंजातून सुटलेला हायड्रोजनही असू शकतो. काडी पेटवून बघू नका.

प्रश्न : बाकी सगळे तापतात, एकच रेडिएटर पूर्ण थंड. व्हॉल्व्ह ५ वर, म्हणजे पूर्ण उघडा आहे.

उत्तर : उन्हाळाभर बंद राहिलेल्या थर्मोस्टॅटिक (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडबंद होणाऱ्या) व्हॉल्व्हची पिन अडकते. वरचा गोल भाग काढा, आतली पिन सपाट वस्तूने हळूच दाबा. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन उसळून वर आली की झालं. पकडीने वर ओढू नका. पिन हातात आली तर पाठोपाठ पाणीही येतं. पुढच्या उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवा.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत पहाटे बॉयलर गुडगुडतो आणि बंद पडतो.

उत्तर : कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणारा) असेल तर धुरातल्या वाफेचं पाणी बाहेर नेणारी प्लास्टिकची नळी गोठली असणार. तिच्यावर गरम, पण उकळतं नाही, असं पाणी ओता. सुरुवात वळणांपासून आणि उघड्या तोंडापासून. मग बॉयलर रीसेट करा. हे दरवर्षी होत असेल तर बाहेरची नळी किमान ३२ मिलिमीटर व्यासाची करून घ्या, उतार मीटरला सुमारे ४५ मिलिमीटर ठेवा आणि वरून पाण्यात न भिजणारं वेष्टण चढवा. साधा फोम भिजला की गोठतो, आणि नळी आहे तिथेच.