मागे राहिलेली बोली

प्रश्न : सातव्या वर्षी आम्ही दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात आलो आणि घरची बोली सुटली. आता चाळिशी उलटली आहे. मावशी आजही ती बोलते. मला थोडी कळते, पण बोलता येत नाही. अंगाईची चाल आठवते, शब्द नाहीत. याची फार हळहळ वाटते. उशीर झाला का?

उत्तर : नाही. बोलणं आधी जातं, कळणं बराच काळ टिकतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणी नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन व्यक्तींना मोठेपणी कोरियन ध्वनी शिकवले. ती भाषा कधीच कानावर न पडलेल्यांपेक्षा त्यांचे उच्चार जास्त सुधारले. काही जण तर सहा महिन्यांचे होण्याआधीच दत्तक गेले होते. तुमच्याकडे सात वर्षं आहेत!

पण मावशींना ‘याला काय म्हणतात?’ असं विचारत बसू नका. सुटा शब्द विचारला की माणूस प्रमाण भाषेतला शब्द सांगून मोकळा होतो. काम हातात असताना बोलतं करा. अंगाई हवी असेल तर त्यांच्या मांडीवर उशी द्या आणि थोपटायला सांगा. हाताला ठेका सापडला की पुष्कळदा शब्दही येतात. अडल्या तर आठवते ती चाल तुम्हीच गुणगुणा, मात्र मधे शब्द सुचवू नका, नाहीतर तुमचाच शब्द त्यांच्या तोंडी बसेल.

आधी त्यांची परवानगी घ्या, घराबाहेर काय जाऊ नये तेही विचारा. मग फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. टेबलावर ठेवलात तर प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. एका बैठकीला 40 मिनिटं पुरे. जमल्यास वॅव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) करा, नावात तारीख घाला आणि तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

नंतर रोज एकच मिनिट ऐका आणि मावशींच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. प्रत्यक्ष मावशींशी बोलताना अडखळलात की त्या मायेपोटी तुमच्या रोजच्या भाषेत वळतील. सराव मोडतो तो इथेच, म्हणून ‘मी चुकलो तरी बोली सोडू नकोस’ हे त्यांना आधीच सांगा. सुरुवातीला तुमच्या तोंडी सात वर्षांच्या मुलाचीच भाषा येईल : हट्टाची, खेळातली. त्याची लाज वाटून बरेच जण इथे थांबतात. तुम्ही थांबू नका, मोठ्यांचे शब्द याच वाक्यांत एकेक करून बसवायचे आहेत.