ॲक्युपंक्चरला जायचंय, पण सुई म्हटलं की...

गेली काही वर्षं सांगलीत विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. "मॅडम, ॲक्युपंक्चर करून बघा म्हणतात सगळे, पण सुई म्हटलं की माझे हातपाय गार पडतात." कधी गुडघ्यानं बेजार झालेल्या आजी असतात, कधी अर्धशिशीला कंटाळलेली शिक्षिका. त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "तिथं नेमकं करतात तरी काय?"

म्हणून तात्यांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तात्या तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय चोपन्न. मंडपाखालचं काम म्हणजे मान वर, हात वर. विरळणी असो की घड बुडवणं असो, सकाळपासून तेच. तीस वर्षांनी उजवा खांदा आणि मान अशी धरली, की ट्रॅक्टर मागे घेताना वळून बघता येईना. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, व्यायाम दिले आणि ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही असंही सांगितलं. सुनेनं सांगलीत क्लिनिक शोधून तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा तात्यांना ऐनवेळी बागेत काम निघालं.

"मामा अवकाळी आला की रात्रभर फवारणी करतात, विजा कडकडत असल्या तरी," सून म्हणाली. "आणि एवढ्याशा सुईला..."

"तू गप बस गं," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले.

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीच्या वाटेनं गेले. काय होईल असं वाटतं, ते विचारलं. सुई आत मोडेल, शिरेत जाईल, हलता येणार नाही, अशी यादी निघाली. एकेकाचं उत्तर दिलं. सावकाश श्वास घेऊन अंग सैल सोडायला शिकवलं. पुढच्या वेळी तात्या आले ते पडक्या चेहऱ्यानं.

"मॅडम, ते श्वासाचं केलं बघा. अंग सोडलं, सूनबाईनं मोबाइलवर सुया टोचतानाचा व्हिडिओ लावला, आन् खुर्चीतच गरगरलं मला."

मी तिथंच थांबले. भीतीत माणसं म्हणतात, 'धडधडतंय'. तात्या म्हणत होते, 'गरगरतंय'. इतकी वर्षं माणसांचं ऐकल्यावर अशा एका शब्दाला कान टवकारतात. मी विचारलं, "तात्या, कधी चक्कर येऊन पडलाय का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मांडीवरची टोपी बोटांनी गोल फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "गणपतीत रक्तदानाचं शिबिर हुतं. मी मंडळाचा अध्यक्ष. पयलं नाव माझंच. सुई लागली तेवढं आठवतंय. डोळं उघडलं तवा नाकाला कांदा, आन् भवतीनं समदा गाव. बावीस वर्सं झाली. अजून पारावर म्हणतेत, 'अध्यक्ष आडवे'."

पुन्हा टोपी फिरली. "सुईचं काय न्हाई मॅडम. म्या परत पडीन, आन् कुणीतरी बघंल."

चार आठवडे आम्ही सुईबद्दल बोलत होतो आणि सुईचा प्रश्नच नव्हता. मी विवेकनिष्ठ विचारांच्या, म्हणजे मनातले हेके तपासून बघायच्या, वाटेनं चालणारी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती दाखवली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणली. त्या वाटेवर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. भीती माणसाला जेवढी छळत नाही, तेवढी 'मी घाबरताच कामा नये' ही स्वतःला घातलेली सक्ती छळते. तात्या भीती जाण्याची वाट बघत होते, की ती गेली की जाऊ. ती जात नव्हती, म्हणून बागेत काम निघत होतं.

"समजा पडलात, आणि कुणी बघितलं. मग?"

"हसतील."

"आणि हसले तर?"

तात्यांनी डोकं वर केलं. उत्तर यायला वेळ लागला, आणि मी तो लागू दिला. "हसतील, आन् घरी जातील," ते म्हणाले. "बाग काय कोण उपटून न्हेत न्हाई." मग स्वतःशीच मोकळं हसले. त्या खोलीत पहिल्यांदाच.

आता शरीराचं. सुई किंवा रक्त बघून चक्कर येणाऱ्यांच्या अंगात वेगळंच घडतं. नाडी आणि रक्तदाब आधी थोडे चढतात आणि मग एकदम उतरतात. मेंदूकडे रक्त कमी जातं, माणूस कोसळतो. हा भित्रेपणा नव्हे. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. अशा माणसाला 'अंग सैल सोडा' सांगणं उलटंच पडतं, कारण खाली येणारा रक्तदाब आणखी खाली येतो. मीही तात्यांना आधी तेच सांगितलं होतं. ते बदललं. मुठी, दंड, पोट, मांड्या एकदम आवळायच्या, चेहरा गरम लागेपर्यंत, दहा-पंधरा सेकंद. मग नेहमीसारखं बसायचं, वीस-तीस सेकंद. असं पाच वेळा. ही युक्ती स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात नीट मांडली. तात्या ती बागेत बांधावर बसून करायचे. सुया शरीरात असताना मात्र त्या भागाचे स्नायू आवळायचे नाहीत, दुखतं. तेव्हा सुई नसलेले पायच तेवढे, तेही डॉक्टरांना सांगून.

माझ्याकडे येणाऱ्यांना सांगता यावं म्हणून मी स्वतः एकदा जाऊन टेबलावर झोपून आले आहे. पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यात जातो: दुखणं कधीपासूनचं, झोप, पचन, चालू गोळ्या. काही जण दोन्ही मनगटांची नाडी बघतात, जीभ बघतात. सुई केसापेक्षा जाड, साधारण पाव मिलिमीटरची, भरीव. रक्त काढायची सुई पोकळ आणि तिच्या जवळजवळ तिप्पट जाड असते. प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात आणि वरून बोटानं टिचकी मारतात. मला ती टिचकीच जास्त जाणवली. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात सुई गेली, तेव्हा टोचल्यापेक्षा जडपणा आला, मग मुंग्या मनगटाकडे सरकल्या. हे होतंच. पण वीज चमकल्यासारखी तीव्र कळ आली तर लगेच सांगायचं. सुया पंधरा ते तीस मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी त्यांना हलका करंट जोडतात. पेसमेकर असेल तर हा करंट घ्यायचा नाही.

जाताना थोडं खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. सैल कपडे घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल, तर विचारायची वाट न बघता सांगा. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आहेत ना, ते पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, हे बघा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. नोंदणी विचारण्यात कसलाही अपमान नाही. मान-खांद्याच्या रुग्णांनी तर विचारावंच, कारण तिथं सुई चुकून खोल गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. फार क्वचित घडतं, पण घरी आल्यावर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. एखादा काळा-निळा डाग आणि दिवसभराची सुस्ती हे मात्र नेहमीचं.

गुण येईलच असं मी कुणाला सांगत नाही. जुनाट दुखण्यात काहींना आराम पडतो, ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २०२१च्या मार्गदर्शनात काही प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी ॲक्युपंक्चरचा विचार करा म्हटलं आहे. पण त्यासाठी मधुमेहाची किंवा बीपीची गोळी बंद करायला कुणी सांगितलं, तर तिथून उठून यावं.

तात्यांनी एक शंका राखून ठेवली होती. "ही चिनी विद्या आपल्याला मानवंल का?" मी त्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण दिली. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात बिजॉय कुमार बसूही होते, आणि पुढे भारतात ॲक्युपंक्चर बसूंनीच आणलं. "कोटणीस म्हंजी आपल्याकडचंच की," तात्या म्हणाले. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

चौथ्यांदा नंबर लावला तो त्यांनी स्वतः. फोनवर सांगायचं काय, ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं: मला सुईनं चक्कर येते, मला आडवंच घ्या, पहिल्या दिवशी थोड्याच सुया लावा, मला एकटं सोडून जाऊ नका, आणि मी 'थांबा' म्हटलं की थांबा. समोरच्या डॉक्टरबाई 'चालेल' म्हणाल्या. तात्यांना याचंच जास्त नवल वाटलं.

त्या दुपारी साडेचारला फोन आला.

"मॅडम, झालं बघा. कुशीवर झोपवलं हुतं. सात टोचल्या, सात काढल्या. म्या मोजल्या."

"भीती वाटली?"

"वाटली की. दुसऱ्या सुईला अंधारी आल्यागत झालं. बाईंना सांगितलं, पाय आवळलं, गेली." मागे बसस्टँडची घोषणा ऐकू येत होती. "आता विट्याची गाडी लागलीय. पुढचा नंबर मंगळवारचा घेतलाय, बागेत काय काम न्हाई त्या दिशी."