शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाची हर्नियाची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात इंदुरातच व्हायची आहे. पूर्ण भूल दिल्यावर पाठीत खाली एक इंजेक्शन देऊ, म्हणजे नंतर दुखणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. परंतु शेजारच्या मुलाला असेच इंजेक्शन दिले होते. तो संध्याकाळपर्यंत हसतखेळत होता आणि रात्री एकाएकी कळवळून रडू लागला. या इंजेक्शनाचा परिणाम अधिक काळ टिकवता येतो का? मणक्याला काही धोका नाही ना?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, सादर नमस्कार. आपण सांगता ते इंजेक्शन म्हणजे कॉडल ब्लॉक. मूल झोपल्यावर माकडहाडाच्या किंचित वर असलेल्या नैसर्गिक फटीतून बहुधा बुपिव्हॅकेन हे औषध सोडतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो, त्यामुळे जाणत्या हातांनी दिलेल्या या इंजेक्शनाने मज्जारज्जूला इजा होण्याची शक्यता अत्यंत कमी असते.

एकट्या बुपिव्हॅकेनचा परिणाम साधारण 4 ते 6 तास टिकतो. सकाळच्या शस्त्रक्रियेनंतर मूल दुपारी आनंदात घरी येते आणि अंधार पडता पडता औषध ओसरते; शेजारच्या बाळाचे तसेच झाले असावे. औषधाची मात्रा वाढवून ही वेळ लांबवता येत नाही, कारण वजनाच्या दर किलोमागे सुमारे 2.5 मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे ते हृदयाला व मेंदूला घातक ठरू शकते. म्हणून भूलतज्ज्ञ त्यात क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन अत्यल्प प्रमाणात मिसळतात, ज्यामुळे वेदनामुक्तीचे आणखी काही तास मिळतात. मात्र मूल जरा अधिक वेळ गुंगीत राहते आणि नाडी मंदावू शकते, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. मॉर्फिनने दिवसभरही आराम मिळतो, पण श्वास मंदावण्याची भीती असल्यामुळे रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी, आणि त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलाला ते देणे मला मुळीच पटत नाही. छाती, पोट किंवा हाडांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येते; हर्नियाला त्याची गरज नसते.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. परिणाम ओसरून मूल रडू लागण्याची वाट पाहू नये. पॅरासिटामॉलचा पहिला डोस रुग्णालयात केव्हा दिला आणि पुढचा केव्हा द्यायचा, हे निघतानाच लिहून घ्या, आणि पहिला दिवस-दीड दिवस दर 6 तासांनी, झोपेतून उठवावे लागले तरी, तो चुकवू नका. प्रमाण सामान्यतः दर किलोला 15 मिलिग्रॅम असते, म्हणजे 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम. येथे बाटली नीट पाहावी : काही सिरपांत 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असते तर काहींत 250, त्यामुळे 'दोन चमचे' हे माप एका बाटलीसाठी योग्य तर दुसऱ्या बाटलीसाठी दुप्पट ठरते. आयबुप्रोफेन सोबत द्यावे का, हे डॉक्टरांनाच विचारा.

पाय काही तास लुळे वाटू शकतात, म्हणून जिन्यावरून त्याला उचलूनच न्या. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, मूल अतिशय सुस्त वाटले किंवा श्वास मंद भासला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.