‘स्मोक ऑन द वॉटर’च्या शेजारची गाणी

प्रश्न: दादा, आम्ही चार पोट्टे मिळून बँड करून राहिलो, नागपूरला हिंगणा रोडच्या कॉलेजात आहोत. दर गॅदरिंगला तेच ‘स्मोक ऑन द वॉटर’ अन् तेच ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, आता तर पब्लिकच आमच्या आधी गाऊन टाकते. ॲपवर सेव्हंटीज रॉक टाकलं की तीच पन्नास गाणी फिरून फिरून येतात. कोणी फारशी न ऐकलेली पण खरंच भारी अशी गाणी शोधायची कशी? सरळ यादीच देऊन टाका ना.
– र., हिंगणा रोड

उत्तर: यादी देत नाही भाऊ, कारण यादी दिली की तुम्ही ती एका रविवारी उडवून टाकाल आणि पुढच्या रविवारी परत मलाच लिहाल. जे गाणं पाठ आहे तेच धरा आणि त्याच्या आजूबाजूला काय पडलंय ते बघा. ‘स्मोक ऑन द वॉटर’च घ्या. डिसेंबर १९७१ मध्ये हे गाणं करणारे डीप पर्पलवाले स्वित्झर्लंडला माँत्रूला रेकॉर्डिंगसाठी गेले, ज्या कसिनोत रेकॉर्ड करायचं तोच फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागून जळाला, मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये मशीन-बिशीन लावून त्यांनी ‘मशीन हेड’ हा अल्बम पूर्ण केला, इथपर्यंतची गोष्ट गाण्यातच आहे म्हणून सगळ्यांना माहीत असते. पण त्याच वेळी ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ नावाचं एक संथ गाणं पण रेकॉर्ड झालं होतं, ते अल्बममध्ये घेतलंच नाही, १९७२ मध्ये ‘नेव्हर बिफोर’ नावाचं सिंगल काढलं त्याच्या मागच्या बाजूला टाकून दिलं. डीप पर्पलचा गायक इयान गिलन नुसता किंचाळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा ऐकावं. आणि कंपनीनं ज्याच्यावर आधी भरवसा ठेवला ते ‘नेव्हर बिफोर’ आज किती जणांना आठवतं, तुम्हीच सांगा.

तर पहिला रस्ता म्हणजे ही मागची बाजू, बी-साइड. सिंगलची छोटी सात इंची रेकॉर्ड असायची, एका बाजूला कंपनीला विकायचं ते गाणं, दुसरी बाजू कोरी ठेवता येत नाही म्हणून तिथं काहीतरी भरायचं, आणि तिथं कोणाचं फार लक्ष नसल्यामुळे बँडवाले मनाला येईल ते करून बघायचे. बीटल्सचं १९६६ चं ‘रेन’ असंच ‘पेपरबॅक रायटर’च्या मागे आहे, शेवटी लेननचा आवाज चक्क उलटा वाजतो आणि रिंगो स्टारचं ड्रमिंग तर विचारूच नका. किंक्सचं ‘आय ॲम नॉट लाइक एव्हरीबडी एल्स’ त्याच वर्षी ‘सनी आफ्टरनून’च्या मागे. लेड झेपेलिनचं ‘हे हे व्हॉट कॅन आय डू’ १९७० मध्ये ‘इमिग्रंट साँग’च्या मागे. फ्लीटवूड मॅकच्या ‘रूमर्स’ अल्बमचं तर अजून भारी आहे, त्यांची गायिका स्टीव्ही निक्सनं जीव ओतून लिहिलेलं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ फार लांब होतंय म्हणून अल्बममधून काढलं, कारण एलपीच्या, म्हणजे अल्बमच्या मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात, जास्त कोंबलं की आवाज बारीक होतो. ते गेलं ‘गो युअर ओन वे’च्या मागे, आणि वीस वर्षांनी १९९७ मध्ये बँड परत एकत्र आला तेव्हा स्टेजवर गायल्यावर कुठं लोकांना समजलं की आपण काय सोडलं होतं.

दुसरा रस्ता माणसाचा, म्हणजे एक वादक धरायचा आणि त्यानं अजून कुठं वाजवलंय ते बघायचं. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’त शेवटी दोन गिटार भिडतात त्यातला एक जो वॉल्श. हा त्या बँडमध्ये उशिरा आला, त्याच्या आधी तो जेम्स गँग नावाच्या तिघांच्या बँडमध्ये होता, त्यांचा १९७० चा ‘राइड्स अगेन’ ऐका. ‘फंक फोर्टी नाइन’ त्यातल्या त्यात माहितीचं आहे पण त्याच अल्बममधलं शेवटचं ‘ॲशेस, द रेन अँड आय’ ऐकून बघा, तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. अजून एक नाव लिहून ठेवा, निकी हॉपकिन्स, पियानोवाला. रोलिंग स्टोन्सच्या ‘शीज अ रेनबो’वर पियानो त्याचा, लेननच्या ‘जेलस गाय’वर तोच, आणि अमेरिकेच्या क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिसबरोबर १९६९ मध्ये ‘एडवर्ड, द मॅड शर्ट ग्राइंडर’ म्हणून नऊ मिनिटांचा नुसता धिंगाणा आहे तो पण त्याचाच. किंक्सनी तर ‘सेशन मॅन’ हे गाणंच त्याच्यावर केलं म्हणतात.

तिसरा रस्ता तुम्हाला सोपा जाईल, आवडत्या बँडनं कोणाचं गाणं उचललं ते बघायचं. निर्वाणाचं पहिलंवहिलं सिंगल ‘लव्ह बझ’ हे त्यांचं नाहीच, हॉलंडच्या शॉकिंग ब्लूचं १९६९ चं आहे आणि मूळ गाण्यात सतार आहे. शॉकिंग ब्लू म्हटलं की लोक ‘व्हीनस’वर थांबतात, तुम्ही नका थांबू.

आणि हो, गॅदरिंगला रात्री पोट्टे शिट्ट्या मारून राहिले असतात तेव्हा ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’सारखं संथ गाणं सुरू करू नका, लोक पाणी प्यायला निघून जातील. तिथं ‘फंक फोर्टी नाइन’च वाजवा, तीन जणांत बसते.

प्रश्न: गाणं चांगलं असेल तर आज ना उद्या वर येतंच, जी मागे पडली ती त्याच लायकीची असणार, असं आमचे मिस्टर म्हणतात. मला हे पटत नाही पण पटकन उत्तरही सुचत नाही. एखादं उदाहरण द्याल का, वाद अर्धवट राहिलाय.
– मृ., धरमपेठ

उत्तर: मृ.ताई, एक नाही दोन घ्या. अमेरिकेत मेम्फिसला बिग स्टार नावाचा बँड होता, १९७२ मध्ये त्यांनी पहिला अल्बम काढला आणि नाव काय ठेवलं तर ‘नंबर वन रेकॉर्ड’. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण वितरण स्टॅक्स कंपनीकडे, ती मुळात सोल संगीतवाली, तिचं दुकानादुकानात माल पोहोचवण्याचं गणित तेव्हा पार विस्कटलेलं, त्यामुळे पेपरात वाचून लोक दुकानात जायचे आणि रेकॉर्डच नसायची! यात गाण्याची लायकी कुठं आली? ‘थर्टीन’ ऐका, अडीच मिनिटांचं आहे, शाळकरी प्रेमावर इतकं साधं गाणं मला तरी दुसरं माहीत नाही. मिस्टरांनी ‘दॅट सेव्हंटीज शो’ ही सिरीयल पाहिली असेल तर तिचं टायटल साँग याच अल्बममधल्या ‘इन द स्ट्रीट’वरून घेतलंय, म्हणजे गाणं वर आलं पण पंचवीसेक वर्षांनी आणि दुसऱ्याच्या गळ्यातून. हे ‘वर येतंच’मध्ये धरायचं का ते घरी ठरवा.

दुसरे इंग्लंडचे झॉम्बीज. १९६७ मध्ये थोडक्या पैशात, बरंचसं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतच, त्यांनी एक अल्बम केला, ‘ओडेसी अँड ओरॅकल’. ओडेसीचं स्पेलिंग कव्हर काढणाऱ्या चित्रकारानं चुकवलं ते तसंच छापलं गेलं. १९६८ च्या एप्रिलमध्ये अल्बम बाजारात येईपर्यंत बँड मोडून मोकळा झाला होता. मग अमेरिकेत अल कूपर या संगीतकारानं कंपनीच्या मागे लागून तो तिकडे काढायला लावला आणि १९६९ मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ थेट तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. बँडच नाही, गाणं हिट! मग काय, काही लोकांनी खोटे झॉम्बीज उभे करून अमेरिकाभर कार्यक्रम लावले, आणि टेक्सासच्या त्या खोट्या टोळीतले दोघं पुढे झीझी टॉपमध्ये खरेखुरे प्रसिद्ध झाले. तर ते एक गाणं वाचलं, बाकीचा अल्बम मागेच राहिला. त्यातलं पहिलं ‘केअर ऑफ सेल फॉर्टी फोर’ लावा मिस्टरांसमोर, चाल अशी प्रसन्न की वाटतं कोणी पिकनिकला निघालंय, आणि आहे काय तर तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं पत्र.

प्रश्न: आम्ही त्या काळात कॉलेजला होतो. विलायती गाण्यांचं एवढं कौतुक चाललंय, आपल्याकडे कोणी रॉक करतच नव्हतं काय हो?
– एक सेवानिवृत्त वाचक, रामदासपेठ

उत्तर: करत होते ना काका, आणि दबलेल्या गाण्यांत सगळ्यात जास्त दबलेली तीच आहेत. इंपिरियल टोबॅको कंपनी आपल्या सिम्ला सिगारेटच्या जाहिरातीसाठी मुंबईत सिम्ला बीट म्हणून बँडची स्पर्धा भरवायची, सिगारेटच्या पैशानं भारतीय रॉक उभं राहत होतं असं म्हणायला हरकत नाही. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडच्या एलपी पण निघाल्या, शिलाँगच्या फेन्टोन्ससारखी कितीतरी पोरं त्यात आहेत. रेकॉर्डिंग कच्चं आहे, इंग्रजी उच्चार कुठं कुठं गमतीशीर आहेत, पण गिटारमधली खुन्नस खरी आहे. परदेशातल्या शौकिनांनी त्या पुन्हा काढल्या म्हणून आज ऐकायला तरी मिळतात.

आणि आपल्या घरातला माणूस विसरू नका, नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंड्यांचा मुलगा, वेल्व्हेट फॉग बँडमध्ये गायचा, ॲलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतनाटकात ज्यूडास झाला, आणि हाच गडी १९७८ मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगभूमीवर उभा. रॉकचा गळा मराठी शब्दांना कसा लागतो ते बघायचं तर तिथं बघावं.

शिवाय आनंद शंकरचा १९७० चा अल्बम आहे, उदय शंकरांचा मुलगा. त्यावरचं स्टोन्सचं ‘जंपिंग जॅक फ्लॅश’ सतारीवर वाजवलेलं सगळे ऐकवतात, मला विचाराल तर ते जरा पाहुण्यांना खूश करायला केल्यासारखं वाटतं. त्यातलंच ‘सागर’ लावा, तेरा मिनिटांचं, सतार आणि मूग सिंथेसायझर, म्हणजे मूग नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य.

प्रश्न: मुलगा दिवसभर लेड झेपेलिन लावून बसतो. मला तो गोंगाट सहन होत नाही पण त्याच्याशी बोलायला काही विषय पण हवा आहे. माझ्यासारखीला ऐकवेल असं त्यातलंच काही आहे का?
– सौ. व., मनीषनगर

उत्तर: वहिनी, मुलाला म्हणा ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ लाव. १९७१ चं आहे, ढोल-ताशा काही नाही, मँडोलिन आणि दोन आवाज. त्यातला बाईचा आवाज सँडी डेनीचा, झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बममध्ये पाहुणी म्हणून गाणारी ती एकटीच. मग त्याला विचारा की ही कोण. त्याला बहुतेक नाही सांगता येणार. तिचं फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडबरोबरचं १९६९ चं ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’ तुम्ही आधीच ऐकून ठेवा, तिनं ते विशीच्या आत लिहिलं होतं आणि एकतिसाव्या वर्षी ती गेली सुद्धा. इंग्रजी सगळं कळायची गरज नाही, दुपारी कामं उरकल्यावर लावा. गिटार आवडली तर पुढे फ्लीटवूड मॅकचं जुनं ‘ॲल्बॅट्रॉस’, त्यात शब्दच नाहीत.

प्रश्न: बर्डीवर आणि इतवारीत जुन्या सामानात इंग्रजी रेकॉर्ड दिसतात. घ्याव्यात का?
– प्र., महाल

उत्तर: घ्या, पण आधी डोळ्यासमोर आडवी धरून वाकली तर नाही ना ते बघा. आपल्या मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर पडून पडून व्हिनाइलची पार लाट होते, मग सुई त्यावर उड्या मारते. कव्हरवर डमडमचा पत्ता म्हणजे ग्रामोफोन कंपनीचं कलकत्त्याचं प्रेसिंग, म्हणजे तिथल्या कारखान्यात काढलेली रेकॉर्ड, त्याला कमी समजू नका. घरी आणल्यावर उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी नको, आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको, कव्हरला बुरशी धरते.

प्रश्न: ॲपवर जुनं गाणं सापडलं, नाव तेच, गायक तोच, पण काहीतरी बेचव वाटून राहिलं. माझे कान खराब का?
– अ., जरीपटका

उत्तर: कान ठणठणीत आहेत. म्हाताऱ्या झालेल्या बँडमधले एक-दोघं पुढे स्वतःच्या हक्काची आवृत्ती असावी म्हणून जुनी हिट गाणी परत रेकॉर्ड करतात आणि ती स्वस्तातल्या ‘बेस्ट ऑफ’ संग्रहांत घुसतात. गाण्याखाली बारीक अक्षरात री-रेकॉर्डेड लिहिलंय का बघा. रिमास्टर्ड असेल तर चालते, टेप जुनीच असते, फक्त साफसफाई केलेली. सगळ्यात सोपं म्हणजे गाणं शोधू नका, ज्या वर्षीचा मूळ अल्बम आहे तो उघडा आणि तिथून वाजवा, म्हणजे त्याच्या पुढचं न ऐकलेलं गाणं पण आपोआप सुरू होईल.