शेततळ्याचा कागद नीट बसला नाही, पाणी टिकत नाही. दुरुस्त होईल की नवाच टाकावा?

तुम्ही लिहिलंय की तळं ३० बाय ३० मीटरचं आहे, ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद टाकून दोन वर्षं झालीत, पाणी रोज उतरतंय, मधोमध फुगा आलाय आणि दोनदा ठिगळ लावूनही फरक पडला नाही. नव्या कागदाची घाई करू नका. एवढ्या जाडीचा कागद दोन वर्षांत सहसा मरत नाही. काठावर उन्हात राहिलेला भाग दुमडून बोटांनी दाबून बघा. घडीवर चिरला तर कागद गेला. मऊ राहिला तर कागद चांगला आहे, बसवणं चुकलंय.

आमचं नेमकं हेच झालं होतं. कवठे महांकाळ तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, येतं तेव्हा तळं भरून घ्यायचं आणि पुढे त्यावर बाग जगवायची. ज्यांच्याकडून कागद टाकून घेतला त्यांनी तो मे महिन्यात भर दुपारी अंथरला, चारी बाजूंनी ओढून अगदी ताणून. सुरकुती एक नाही, दिसायला सुरेख. आमचे सासरे, आण्णा, तेव्हाच म्हणाले होते, "एवढा ताणू नका, थंडीत आखडंल." कुणी ऐकलं नाही.

आण्णांचं म्हणणं बरोबर होतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ३० मीटर लांबीचा एचडीपीई (तळ्याला वापरतात त्या प्लास्टिकचा प्रकार) कागद जवळजवळ १८ सेंटिमीटर आखडतो. डिसेंबरात आमचा कागद उतार आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात जमीन सोडून अधांतरी लटकला. वरून पाण्याचं वजन, खाली आधार नाही. तो जोडाशेजारीच फाटला. आम्ही ठिगळ लावलं, तर महिन्याभरात ठिगळाच्या बाजूला फाटला. ताण तसाच ठेवून भोक बुजवलं की पुढचं भोक ठरलेलं असतं. तुमची दोन ठिगळं का टिकली नाहीत याचं कारण मला यातच दिसतं.

आधी गळती खरी किती ते बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊनवाऱ्यानेच दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं, आणि एवढ्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे ९ हजार लिटर. काठाजवळ उथळ पाण्यात दगड घालून एक बादली उभी करा, तीत तळ्याइतकंच पाणी भरा, मोटर बंद ठेवा. तीन दिवसांनी तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तर तेवढी गळती. मग भर न घालता पाणी उतरू द्या. ज्या रेषेवर उतरणं मंदावून बादलीइतकं होईल, भोक त्याच रेषेच्या आसपास आहे. वारा पडलेला असताना पहाटे संशयाच्या जोडाजवळ सिरिंजने निळीचं पाणी हळूच सोडा. भोक असेल तर निळी रेघ तिकडे ओढली जाते.

फुगा आणि गळती बहुतेक वेळा एकाच दुखण्याची दोन रूपं असतात. गळलेलं पाणी कागदाखाली शिरतं, तिथली हवा वर ढकलली जाते आणि मधे साठते. फुगा टोचू नका. पाणी कमी करून हवा उताराकडे सारायची आणि वरच्या काठाशी तिला वाट ठेवायची.

आता खरं काम. तळं रिकामं होईल तेव्हा, पावसाच्या आधी. पावसाळ्यात उपसलं तर जमिनीतलं पाणी कागद वर उचलतं. कागद दोन बाजूंनी गुंडाळून घ्या आणि खालची जमीन हाताने चाचपा. आमच्या मुरमात टोकदार खडे निघाले, लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या. पिकाभोवती जमिनीवर अंथरतात तो मल्चिंगचा कागद लव्हाळ्याचा कोंब कसा फोडतो ते तुम्ही पाहिलंच असेल. गाठी खणून काढा, चाळलेल्या मातीचा थर देऊन चोपा. बांधात घुशीची बिळं असतील तर ती आधी बुजवा.

ठिगळासाठी पंक्चरचं सोल्यूशन किंवा नळाची पुट्टी वापरू नका. एचडीपीईवर ती धरतच नाहीत, कागद गरम हवेच्या मशीननेच जोडावा लागतो. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंना वीतभर मोठं आणि कोपरे गोल. जोडणाऱ्याला आधी दोन तुकडे जोडून दाखवायला सांगा आणि ओढून बघा. कागद फाटला आणि जोड टिकला, तरच पुढे जाऊ द्या.

अंथरणं भल्या सकाळी, कागद ढिला ठेवून, खालच्या कोपऱ्यात चांगली घडी सोडून. तुमच्याकडे ढिला ठेवण्याइतका कागद उरला नसेल तर एका बाजूला पट्टी जोडून घ्या, ते नव्या कागदापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. काठावरची चर लगेच बुजवू नका. आधी फूट-दीड फूट पाणी सोडा आणि काठ मातीच्या पोत्यांनी नुसता दाबून ठेवा. पाण्याच्या वजनाने कागद आपोआप जागेवर बसतो. मग दोन फूट खोल चरीत टोक घालून बिनखड्याच्या मातीने बुजवा. आमची चर अर्ध्या फुटाची होती आणि तीत दगड भरले होते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. एकट्याने उतरू नका, कमरेला दोर आणि काठावर माणूस हवाच. काम झालं की चारी उतारांवर गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवा आणि कुंपण घाला.

पाणी कुठल्या उंचीवर थांबतं आणि ते ठिकाण जोडाजवळ आहे का, एवढं बघून इथेच लिहा. त्यावरून किती कागद उचलावा लागेल ते सांगते.