मादी असती तर चाललं असतं का?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ६८ टक्के. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाच्या दम्यामुळे घरातला कुत्रा आम्ही ओळखीच्यांकडे दिला. तेव्हापासून हिच्या डोक्यात खूळ शिरलंय. कुत्र्याच्या ॲलर्जीची रिकॉम्बिनंट, म्हणजे जिवाणूंकडून वगैरे करून घेतलेली, प्रथिनं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत एमएस्सीचा प्रकल्प करायचा म्हणते. परवा मला विचारते, ‘तो नर होता, मादी असती तर चाललं असतं का?’ असल्या नकली प्रथिनांत कसलं भविष्य? ॲलर्जीत रस असेल तर पुन्हा वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी, असं आम्ही ठरवलंय. तिला कसं पटवावं?

उत्तर : नमस्कार. गुणांची मला काळजी वाटली नाही. ‘आम्ही ठरवलंय’ याची वाटली. एवढ्या पत्रात तुमच्या मुलीचं एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही खुळाचा पुरावा म्हणून दिलंय. मला पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच वाटलं. त्यावर तुम्ही तिला काय उत्तर दिलंत, ते मात्र लिहिलेलं नाही.

आधी त्या प्रश्नाचं बघू. कुत्र्याची ॲलर्जी केसांची नसते. लाळ, त्वचेचा कोंडा, मूत्र यांतल्या ठरावीक प्रथिनांची असते. त्यांना कॅन एफ १, कॅन एफ २ असे क्रमांक आहेत. यातलं कॅन एफ ५ प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नराच्या अंगात. ते महत्त्वाचं ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रथिन, असल्याचं २००९ साली समोर आलं. काही रुग्णांना फक्त याच एका प्रथिनाचा त्रास असतो आणि त्यांना मादी कुत्री चालू शकते. तुमच्या मुलाचं काय, हे तपासणीशिवाय कुणीच बोलू नये. दमा असलेल्या लेकरापासून कुत्रा दूर केलात, हेही योग्यच केलंत. पण ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काम करतात, तो तुमच्या घरात एका मुलीनं स्वतःहून विचारला आणि तुम्ही त्याला खूळ म्हणालात. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आता ‘नकली’ या शब्दाविषयी. हा गैरसमज पुष्कळांचा असतो. कुत्र्याच्या कोंड्यापासून काढलेल्या अर्कात सगळी प्रथिनं एकत्र असतात आणि त्यांचं प्रमाण दर खेपेला बदलतं. अशा अर्कानं चाचणी केली तर ‘कुत्र्याची ॲलर्जी आहे’ इतकंच कळतं, नेमकी कशाची ते कळत नाही. म्हणून त्या एकाच प्रथिनाचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालतात आणि त्यांच्याकडून ते प्रथिन बनवून घेतात. कॅन एफ १ आणि २ यांच्याबाबतीत हे १९९७ पर्यंत साधलं होतं. असं प्रथिन नीट घडलेलं असेल, तर रुग्णाच्या रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीला कारण होणारी, प्रतिपिंडं त्याला मूळ प्रथिनासारखीच चिकटतात. नर-मादीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला असं एकेकटं प्रथिन फार उपयोगी पडतं.

वैद्यकीय परीक्षा, एमएस्सी, पुढे पीएचडी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. त्यावर शब्द घालवत नाही. एवढंच सांगतो, चाचणीचा अहवाल वाचणारा डॉक्टर वेगळा आणि ती चाचणी घडवणारा माणूस वेगळा. तुमच्या मुलीला दुसरं काम हवंय. तिला पहिल्याकडे ढकलून दोन वर्षं गेली, तर ती भरून कोण देणार?

तेव्हा तिला पटवायला मी मदत करणार नाही. इथून पुढचं तिच्यासाठी आहे, तिला वाचायला द्या.

बाळ, या कामात कुत्रा दिसायचा नाही. जिवाणू वाढवायचे, फोडायचे, प्रथिन वेगळं करायचं. पुष्कळदा ते जिवाणूच्या पोटात चुकीची घडी पडून गोळा होऊन बसतं. मग युरियात विरघळवून हळूहळू प्रथिनाची मूळ घडी पुन्हा बसवावी लागते. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर निळी रेघ बरोबर जागी, ठसठशीत उमटते; तुला वाटतं जमलं. आणि घडी चुकलेली असली की रुग्णाच्या रक्तातली आयजीई त्याला ओळखतच नाही. तीन आठवडे गेले, पुन्हा पहिल्यापासून. हे वाचून हात शिवशिवत असतील तर जा. कुत्रा घरी परत आणता येईल या आशेनं जाणार असशील, तर आधी बाबांशी त्याच्याविषयी बोल. तो गेल्यावर घरात कुणी त्याचं नाव काढलं होतं का?

आणि एक. स्वतःची ॲलर्जी तपासून घे. शुद्ध केलेलं ॲलर्जेन हे खरंच ॲलर्जेन असतं; त्याची कोरडी भुकटी उडून नाकात गेली तर ॲलर्जी असलेल्याला त्रास होऊ शकतो. तुला शिंका किंवा धाप लागत असेल, तर ते मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी सांग.